उघडा टप आणि चासीचे देणे

मोटारीचा टप उन्हापावसापासून माणसांचे रक्षण करण्यासाठी असतो, अशी जी सार्वत्रिक समजूत आहे ती खोटी नसली तरी फार अपुरी आहे. आणि या अपुऱ्या समजुतीपोटीच, लग्नाच्या वरातीसाठी, मिरवणुकीसाठी किंवा केवळ तरुण वयाच्या हौसेसाठी, जुन्या गाडीचा टप कटरने उडवून ती 'ओपन' करून देण्याचा जो धंदा आपल्याकडे रस्त्याकडेच्या गॅरेजांतून बिनदिक्कत चालतो, त्याकडे शोभेची बाब म्हणून न पाहता रचनाशास्त्राची आणि सार्वजनिक सुरक्षिततेची बाब म्हणून पाहिले पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. जगातल्या ज्या कारखान्यांनी टप काढता येणाऱ्या स्पोर्ट्स गाड्या बांधल्या, त्या सर्वांना एक हिशेब आधी चुकता करावा लागला. वरून जेवढे बळ काढून घेतले, तेवढे खाली चासीत परत भरावे लागले. हे देणे कोणी दारांखाली उंच काठ बांधून फेडले, कोणी मधोमध जाडजूड कणा घालून फेडले, तर कोणी गाडीच्या पोटाखाली तिरप्या पट्ट्या, ज्यांना आपले मेकॅनिक 'ब्रेस' म्हणतात, त्या आवळून फेडले. न फेडता मात्र कोणाचेच भागले नाही.

कळमेश्वरच्या वाचकाला ही गोष्ट समजावून सांगण्यासाठी परदेशी जाण्याचे कारण नाही. काटोलच्या बाजूला पसरलेल्या बागांतून संत्री भरण्यासाठी ज्या लाकडी पेट्या वापरल्या जात आल्या, त्यांतली एखादी रिकामी, झाकण न ठोकलेली पेटी दोन समोरासमोरच्या कोपऱ्यांना धरून पिळून पाहावी: ती कुरकुरते, तिच्या भिंती तिरप्या होतात, आणि तिचा चौकोनी माथा डोळ्यांदेखत समांतरभुज होऊन बसतो. तीच पेटी भरून, वरून फळ्या ठोकून घेतल्यावर कितीही पिळली तरी हलत नाही. झाकणाच्या त्या पातळ फळ्यांना उभे वजन पेलण्याची कुवत जवळजवळ नसते. तरीही पेटीचा सहावा पृष्ठभाग पुरा होताच सबंध पेटीच्या प्रकृतीत हा पालट घडून येतो, कारण पीळ पेलण्याचे सामर्थ्य द्रव्याच्या जाडीपेक्षा आकृतीच्या बंदिस्तपणात अधिक असते.

हेच तत्त्व आकड्यांत पाहिले म्हणजे त्याची तीव्रता ध्यानात येते. ५० मिलिमीटर व्यासाचा आणि एक मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप घ्यावा आणि ग्राइंडरने त्याला या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच उभी चीर पाडावी. द्रव्य जवळपास तेवढेच राहिले, वजन तेवढेच राहिले, वाकण्याच्या बाबतीतही तो फारसा दुबळा झाला नाही. परंतु पिळाला विरोध करण्याची त्याची शक्ती, गणिताने पाहता, सुमारे १८७५ पटींनी घटली. रूडोल्फ ब्रेट या जर्मन अभियंत्याने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बंदिस्त पातळ नळीच्या पिळाचे जे सूत्र मांडले, त्यातून हा हिशेब कोणाही विद्यार्थ्याला कागदावर करता येतो, आणि ज्याला कागदावर विश्वास नसेल त्याने चिरलेला पाइप दोन्ही हातांत धरून पिळून पाहावा. टप कापलेली मोटार म्हणजे चिरलेली नळी, असे तंतोतंत समीकरण अर्थात मांडता येणार नाही, कारण मोटारीत काठ, बोगदा, तळ, आडवे सदस्य असे अनेक बंदिस्त भाग शिल्लक राहतात. पण ऱ्हासाची दिशा तीच असते.

येथे एक भेद स्पष्ट केला पाहिजे, कारण आपल्याकडचा सारा घोटाळा तो भेद न ओळखण्यातून निर्माण झाला आहे. मोटारी मुख्यतः दोन जातींच्या. एका जातीत खाली शिडीसारखी स्वतंत्र पोलादी चासी असते आणि वरचे अंग तिच्यावर बोल्टांनी बसवलेले असते. दुसऱ्या जातीत वेगळी चासी नसतेच, तळ, काठ, खांब आणि टप हे सगळे पत्र्याचे भाग ठिकठिकाणी वेल्ड करून जो एकसंध पिंजरा होतो तोच गाडीची चासी. स्वातंत्र्योत्तर काळात महिंद्रांनी मुंबईत जुळणी सुरू केलेली विलीज जीप पहिल्या जातीची. ताडोबा आणि पेंचच्या जंगलवाटांवर पर्यटकांना वर्षानुवर्षे फिरवणारी मारुती जिप्सी त्याच जातीची. नाशिकच्या कारखान्यातून २०२० साली नव्या रूपात बाहेर पडलेली थार त्याच जातीची. आणि पुण्याजवळ रांजणगाव येथे २०२१ पासून जुळवली जाऊ लागलेली, टपाचे तुकडे सुटे करता येणारी जीप रँग्लरही त्याच जातीची. या गाड्यांचे हूड उतरवले तरी पीळ सोसणारी चौकट खाली शाबूत असते, आणि ती उघडी चालवायची आहे हे कारखान्याने मुळातच गृहीत धरलेले असते. थारच्या बाबतीत तर आत पोलादी पिंजराही दिलेला आहे. २०२० च्याच नोव्हेंबरात ग्लोबल एनकॅपच्या धडक-चाचणीत थारला चार तारे मिळाले, ही महाराष्ट्राच्या दृष्टीने अभिमानाची गोष्ट म्हटली पाहिजे.

याउलट कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, कलकत्त्याजवळची अँबॅसडर, आणि मध्यमवर्गाच्या दारात पहिल्यांदा मोटार आणून उभी करणारी मारुती ८०० या तिन्ही दुसऱ्या जातीच्या. जीपचे हूड उतरते म्हणून पद्मिनीचाही टप उतरवता येईल, असा जो सरळसोट तर्क गॅरेजमध्ये लढवला जातो, तो जातिभेद न ओळखणारा तर्क आहे. या संदर्भात मद्रासच्या स्टँडर्ड कंपनीने साठच्या दशकात आणलेल्या हेरल्डचे उदाहरण फार बोलके आहे. इतर कारखाने एकसंध पिंजऱ्याकडे वळत असताना तिच्या इंग्रज रचनाकारांनी १९५९ साली जाणूनबुजून स्वतंत्र चासीचा जुना मार्ग पत्करला, आणि म्हणूनच हेरल्डचा टप केवळ बोल्ट सोडवून उचलता येत असे. त्याच चासीवर बंद आणि उघडी अशी दोन्ही रूपे विशेष खटाटोप न करता उभी राहिली. टप सुटा होणे ही सोय होती, पण त्या सोयीची किंमत खालच्या चौकटीत अगोदरच मोजलेली होती.

स्पोर्ट्स गाडीला चासीच्या ताठपणाची इतकी चाड का असावी, असा प्रश्न साहजिकच कोणी विचारील. वळणावर गाडी वेगाने लोटली असता बाहेरच्या चाकांवर भार चढतो आणि आतल्या चाकांवरचा उतरतो. हा भार कोणत्या चाकावर किती जावा याचे नियमन स्प्रिंगा आणि शॉकॲब्सॉर्बर करतात, परंतु ते ज्या चौकटीला टांगलेले आहेत ती चौकटच मऊ असेल तर ती स्वतःच एक पाचवी, बेलगाम स्प्रिंग होऊन बसते, आणि मग चाकांचे कोन, टायरची पकड, स्टिअरिंगचा प्रतिसाद या कशाचाच भरवसा उरत नाही. खडबडीत रस्त्यावर डॅशबोर्ड आणि समोरची काच थरथरू लागते, आरसा अस्पष्ट होतो, दारे करकरतात. प्रवाशाला हे केवळ त्रासदायक वाटते; पण ज्या जागी थरथर होते त्या जागी प्रत्येक खड्ड्यागणिक वेल्डाच्या ठिपक्यांवर ताण येतो, आणि हजारो वेळा आलेला लहान ताण अखेरीस पत्रा तडकवतो.

या व्याधीशी मोटारशास्त्राने दिलेली झुंज मोठी मनोवेधक आहे. लोटस कंपनीचे कॉलिन चॅपमन यांनी १९५७ मध्ये एलीट ही बंद गाडी संपूर्ण फायबरग्लासच्या पिंजऱ्याची बांधली होती; परंतु पुढची एलान उघडी करायची ठरली तेव्हा नुसत्या फायबरग्लासमध्ये पुरेसा ताठपणा येईना, आणि शेवटी १९६२ साली ती बाजारात आली ती पातळ पोलादी पत्र्याची पेटी घडवून केलेल्या, मधोमध जाणाऱ्या कण्यावर. हा कणा मूळचा केवळ प्रयोगाच्या सोयीसाठी केलेला होता. तो इतका ताठ निघाला की तोच कायम झाला. १९६५ साली पोर्शेने ९११ चे 'टार्गा' रूप जाहीर केले, त्यात माथ्यावरचा तुकडा तेवढा सुटा होता आणि मागच्या बाजूला रुंद पोलादी कमान कायम ठेवलेली होती. सिसिलीतल्या प्रसिद्ध टार्गा फ्लोरिओ शर्यतीवरून घेतलेले हे नाव पुढे अशा सर्वच सुट्या टपांना चिकटले. अमेरिकेत १९६८ ची कॉर्व्हेट आखताना एकच अखंड काढता टप द्यावा असा बेत होता, पण अंग पिळते असे दिसून आल्यावर काचेच्या माथ्यापासून मागच्या कमानीपर्यंत मधोमध एक पट्टी ठेवणे भाग पडले, आणि टपाचे दोन तुकडे झाले. ज्या आकृतीला पुढे लोकांनी फॅशन म्हणून डोक्यावर घेतले, ती मुळात अशी निकडीतून आलेली होती.

त्याच कॉर्व्हेटच्या पुढच्या पिढीची, म्हणजे १९८४ च्या गाडीची, हकिगत याहून शिकवण देणारी आहे. आराखडा मधल्या पट्टीसह पुढे गेलेला असताना वरिष्ठांच्या आग्रहाखातर ती पट्टी काढण्यात आली, आणि अभियंत्यांना गेलेले बळ परत आणण्यासाठी दोन्ही बाजूंचे काठ इतके उंच करावे लागले की त्या गाडीत चढणे-उतरणे ही एक कसरतच होऊन बसली. तिचा टप नुसत्या खिटीने न बसवता बोल्टांनी आवळावा लागतो, कारण बसलेला असताना तो चौकटीचा भाग म्हणून काम करतो. दोन वर्षांनी तिचे पूर्ण उघडे रूप आले तेव्हा पोटाखाली इंग्रजी एक्स अक्षराच्या आकाराचा ब्रेस घालण्यात आला. माझ्या मते या एका गाडीच्या इतिहासात सबंध विषयाचे सार आले आहे: वरिष्ठांच्या एका हुकमाने माथ्यावरची पट्टी हटली, पण तिचे काम हटले नाही, ते काठांत आणि पोटाखाली जाऊन बसले.

पुढच्या काळात हे देणे अधिक कुशलतेने फेडले गेले. १९९६ च्या लोटस एलीझने अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या चिकटद्रव्याने जोडून अवघ्या ६८ किलोची चौकट केली आणि तिचा पिळाचा ताठपणा अंशाला सुमारे १०,००० न्यूटन-मीटर भरला. म्हणजे एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला अंदाजे हजार किलो वजन टांगावे तेव्हा ती चौकट एका अंशाने पिळली जाणार. १९९९ च्या होंडा एस-२००० ने मधला बोगदा बाजूच्या काठांइतका उंच चढवून तळाशीच एक ताठ क्रूस निर्माण केला. माझदाच्या एमएक्स-५ ने १९८९ पासून गिअरबॉक्स आणि मागचा डिफरन्शिअल एका लांब तुळईने जोडले आणि नंतरच्या आवृत्त्यांत तळाला ब्रेस वाढवत नेले. आपल्याकडेही हा प्रयत्न अगदीच झाला नाही असे नाही. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस सॅन मोटर्सने गोव्यात 'स्टॉर्म' नावाची दोन आसनांची उघडी गाडी बांधली. फ्रेंच आराखडा, रेनोचे छोटेसे इंजिन, वरून फायबरग्लासचे अंग आणि खाली भार पेलणारी पोलादी चौकट अशी तिची योजना होती. तिचा खप मोठा झाला नाही, आणि तिला पुढे चांगली वारस लाभली नाही याची हळहळ वाटते. परंतु उघड्या गाडीचे बळ कोठे ठेवायचे या बाबतीत गोव्याच्या त्या लहानशा कारखान्याची समज अचूक होती, हे निःशंकपणे म्हणता येते.

आता बाजारात मिळणाऱ्या ब्रेसविषयी. सुटे ब्रेस विकत घेऊन बसवणाऱ्या हौशी लोकांना मी नावे ठेवणार नाही. जुन्या, उघड्या, पंचवीस-तीस वर्षे खड्डे खाल्लेल्या गाडीला नीट आखलेला ब्रेस खरोखरच नवे आयुष्य देतो. मात्र सगळेच ब्रेस सारखे नसतात. बॉनेट उघडताच दिसणारा, दोन शॉकॲब्सॉर्बरांच्या माथ्यांना जोडणारा रंगीत दांडा सर्वांत जास्त खपतो, कारण तो दिसतो. परंतु टप नसलेल्या गाडीचा कमकुवतपणा इंजिनाच्या कप्प्यात नसून प्रवाशांच्या बैठकीच्या मोकळ्या चौकोनात असल्यामुळे, तो दांडा लावून चासी सुधारली असे मानणे म्हणजे रोग रेड्याला आणि औषध पखालीला. गुण येतो तो बैठकीच्या तळाखाली, दोन्ही काठांच्या चार टोकांना जोडणाऱ्या तिरप्या पट्ट्यांनी. रेल्वेच्या पुलावर किंवा गोदामाच्या छपराखाली लोहार-वेल्डर ज्या कैच्या बांधतात, त्यांच्यातही भार तिरप्या सदस्यांतूनच सरळ ताण किंवा सरळ दाब होऊन वाहतो; चौकोन ढळतो, त्रिकोण ढळत नाही. म्हणून ब्रेसची पट्टी सरळ असली पाहिजे. इंजिन किंवा सायलेन्सर चुकवण्यासाठी कमानीसारखी वाकवलेली नळी दाब येताच आणखी वाकते आणि बळ देण्याऐवजी वजन तेवढे वाढवते. तिचे टोक जेथे चासीचे दोन-तीन सदस्य एकत्र येतात अशा सांध्यावर बसले पाहिजे, मोकळ्या पत्र्याच्या मध्यावर नव्हे. आणि भोक बोल्टापेक्षा सैल असेल तर पट्टी कितीही जाड असली तरी ती काम सुरू करण्याआधी चासी तेवढी पिळून झालेली असते.

कळमेश्वरहून काटोलकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गॅरेजात टप कापलेली एक जुनी लहान मोटार मी पाहिली, ती येथे जशीच्या तशी सांगतो. खांब खिडकीच्या रेषेवर कापून कडा गोल करून घेतल्या होत्या, वर रंगाचा हात मारला होता, आणि मागे उभे राहण्यासाठी पाइपची दांडी लावली होती. डाव्या बाजूचे दार लावताना वरच्या कोपऱ्यात घासत होते. डेंटरने ते बिजागरीचे दुखणे समजून दोनदा ठोकून पाहिले होते. मी विनंती केल्यावरून त्याने पुढच्या डाव्या चाकामागे जॅक लावला. चाक अजून जमिनीवरून उचललेही गेले नव्हते, तोच दाराच्या मागची फट वरून खालपर्यंत असमान होत गेली आणि बंद दार उघडेनासे झाले. जॅक उतरवताच दार पुन्हा मोकळे. कारागीर प्रामाणिक होता. त्याचा चेहरा पडला, कारण दुखणे बिजागरीत नाही, सबंध अंगात आहे, हे त्याला त्याच क्षणी उमगले. त्याला कोणी शिकवले नव्हते. जाणते कारागीर अशा कामाला हात घालण्यापूर्वी दारांच्या मोकळ्या चौकटींत तात्पुरत्या तिरप्या दांड्या वेल्ड करून घेतात, काठांच्या आत दुसरा बंदिस्त थर बसवतात, तळाला क्रूस घालतात, आणि मगच वरचा पत्रा कापतात. त्याने आधी कापले होते, आणि नंतर करायचे काही ठेवलेच नव्हते. हे मी त्या एका माणसाला दोष देण्यासाठी लिहीत नाही. ज्या विद्येवर माणसांचे प्राण अवलंबून आहेत ती विद्या ज्यांच्या हाती साधने आहेत त्यांच्यापर्यंत पोचवणे हे शासनाचे आणि शिक्षणसंस्थांचे काम होते, आणि ते झालेले नाही.

पत्र्याच्या बाबतीत तर कळमेश्वरचा अधिकारच मोठा. येथल्या औद्योगिक वसाहतीत ऐंशीच्या दशकात उभा राहिलेला इस्पातचा आणि पुढे जेएसडब्ल्यूकडे गेलेला कारखाना थंड लाटलेला, जस्ताचा मुलामा दिलेला आणि रंगीत पत्रा काढतो. या गावच्या अनेक घरांची चूल त्या पत्र्यावर चालते. आजच्या मोटारींच्या अंगालाही गंज थोपवण्यासाठी जस्ताचा मुलामा असतो, आणि ब्रेस वेल्ड करू पाहणाऱ्याची खरी गाठ येथे पडते. जस्त ९०७ अंश सेल्सिअसला उकळते, पोलाद वितळायला सुमारे १५०० अंश लागतात; त्यामुळे वेल्डिंगच्या ज्योतीखाली जस्त आधी वाफ होऊन उडते. त्या वाफेचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी कारागिराला थंडी वाजून ताप भरतो, आणि ज्या पट्टीवरचे जस्त उडाले तेथे दोन पावसाळ्यांत गंज धरतो. शिवाय अलीकडच्या गाड्यांच्या खांबांत आणि काठांत जे उच्च बलाचे पोलाद वापरलेले असते, त्याची ताकद कारखान्यातल्या नेमक्या तापवण्या-थंडावण्यातून आलेली असल्यामुळे, बेताल वेल्डिंगने त्या जागी ते साध्या पोलादाइतके मऊ पडू शकते. म्हणून शक्य तेथे ब्रेस बोल्टाने बसवावा. वेल्ड अपरिहार्य असेल तर मुलामा आधी घासून काढावा, धूर बाहेर नेण्याची सोय करावी, आणि सांध्यावर जस्तयुक्त प्रायमर लावून मगच रंग द्यावा. पत्र्याचे हे ज्ञान कारखान्याच्या कुंपणाच्या आत प्रत्येक पाळीत वापरले जाते. कुंपणापासून हाकेच्या अंतरावरच्या गॅरेजात ते पोचू नये, ही मला फार खेदाची गोष्ट वाटते.

कायद्याची स्थिती पाहावी तर ती कडक आहे, पण विवेकी नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या ५२ व्या कलमाने कारखानदाराच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरणारा फेरफार मालकाला मना केला आहे. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात हीच मनाई ठामपणे उचलून धरली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, अथवा दोन्ही, अशी शिक्षा सांगितली. टप कापणे या मनाईत निःसंशय बसते आणि बसलेच पाहिजे. परंतु ज्या ब्रेसने चौकटीचे बळ वाढते, आणि जो चार बोल्ट सोडवले की गाडी पूर्ववत करून निघून जातो, तो फेरफार धरायचा की नाही? वाहनाच्या मूलभूत स्वरूपात बदल घडवणारा रचनेतील पालट म्हणजे फेरफार, अशी कायद्याचीच व्याख्या असल्यामुळे तो धरू नये असे मला वाटते. तथापि रस्त्यावर हुज्जत घालणारा हवालदार, पासिंगला उभा असलेला निरीक्षक आणि अपघातानंतर दावा तपासणारा विमा कंपनीचा अधिकारी हे तिघे आपापल्या मगदुराप्रमाणे निरनिराळा अर्थ लावू शकतात. परिणामी सुक्याबरोबर ओलेही जळते: बळ काढून घेणारा आणि बळ वाढवणारा एकाच फिर्यादीत उभे राहतात, आणि यांतला दुसरा, म्हणजे जबाबदार मनुष्य, कायद्याच्या भयाने आपली उघडी गाडी ब्रेसविना तशीच चालवत राहतो.

या कोंडीतून वाट काढण्यासाठी नवे काही शोधून काढण्याची गरज नाही. गाडीला सीएनजीचा संच बसवायचा असेल तर त्याच ५२ व्या कलमात मुभा आहे: मान्यताप्राप्त संच, त्याची विहित कसोटी, बसवणाऱ्याचा दाखला आणि नोंदणी-पुस्तकात नोंद. ज्वालाग्राही वायूची टाकी गाडीत बसवण्यास जी पद्धत चालते, ती चार पोलादी पट्ट्यांना का चालू नये? पुण्याची ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था १९६६ पासून वाहनांच्या कसोट्या घेत आली आहे. तिने टप काढता येणाऱ्या गाड्यांसाठी बळकटीच्या संचांचे मानक आखावे. अशा संचाची कसोटी काही खर्चिक नाही. गाडीचे मागचे दोन टेकू जमिनीशी जखडायचे, पुढच्या टेकूंना मधोमध फिरती अशी आडवी तुळई जोडायची, तिच्या एका टोकाला वजने टांगायची, आणि दोन्ही काठांखाली ठिकठिकाणी डायल गेज लावून ब्रेस नसताना आणि ब्रेस असताना चौकट किती पिळते ते टिपून घ्यायचे. नागपूरच्या विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या प्रयोगशाळेत असे साधन विद्यार्थ्यांकडून एका सत्रात उभे करून घेता येईल, आणि विदर्भातल्या संच बनवणाऱ्यांना पुण्याला खेटे घालावे लागणार नाहीत. आयटीआयच्या मोटार मेकॅनिक आणि वेल्डर या दोन्ही व्यवसायांच्या पाठ्यक्रमात चिरलेल्या पाइपाचा आणि जॅक लावून दाराची फट मोजण्याचा प्रयोग सक्तीचा करावा. त्याला पाइपाचा एक तुकडा आणि एक जॅक, याहून अधिक सामग्री लागत नाही.

परिवहन कार्यालयाकडेही माझे एक मागणे आहे. नागपूर ग्रामीणच्या एमएच-४० या मालिकेत नोंदलेल्या उघड्या गाड्या योग्यता-तपासणीला येतात तेव्हा दिवे, हॉर्न आणि ब्रेक पाहून कागद सही होतो. त्या वेळी प्रत्येक कोपऱ्याला आळीपाळीने जॅक लावून दारांची चारही बाजूंची फट फीलर गेजने मोजावी, आणि आकडे त्याच कागदावर नोंदवावेत. जी गाडी कारखान्यातून उघडी बाहेर पडली आणि वयाने मऊ झाली, तिच्या मालकाला मान्यताप्राप्त ब्रेस बसवून आणण्यास मुदत द्यावी. जी गाडी कारखान्यातून बंद बाहेर पडली आणि नंतर कापली गेली, ती मात्र कोणत्याही फीवर किंवा शपथपत्रावर नियमित करू नये. तिचे नोंदणी-पुस्तक जप्त करून ती भंगारात काढावी, कारण कापलेल्या पिंजऱ्याला मागाहून पट्ट्या ठोकून मूळचे बळ परत आणणे साध्या गॅरेजच्या आवाक्याबाहेरचे आहे, आणि ती उलटली तर आतल्या माणसांच्या डोक्यावर काहीच उरलेले नसते. वरातीला उघडी गाडी हवीच असेल, तर जुन्या घडणीच्या, अखंड चासीच्या जीपा या जिल्ह्यात भाड्याने मिळतात. नवरदेवाच्या वडिलांनी सुपारी देण्यापूर्वी गाडीखाली वाकून दोन्ही बाजूंच्या तुळया आणि त्यांच्यातले आडवे सदस्य जागेवर आहेत की नाहीत, एवढे स्वतःच्या डोळ्यांनी पाहून घ्यावे.